ब्लॉक की चार्ज? शिट्टी मारायच्या आधी काय बघायचं, एकेक पायरी

सोलापुरात बास्केटबॉलची शालेय मॅच असो नाहीतर कॉलेजची, एक सीन ठरलेला. पोरगं बॉल घेऊन सुसाट आत घुसतं, समोरचा आडवा येतो, धाडकन आवाज, दोघंही सिमेंटवर. पंच पडलेल्यांकडं बघतो, मग बॉलकडं, मग बेंचकडं, आणि शिट्टी मारून कमरेवर हात ठेवतो. ब्लॉक! (म्हणजे चूक अडवणाऱ्याची; आत घुसणाऱ्याची असती तर चार्ज.) लगेच बाहेरून ओरड सुरू, "काय बे सर, उभा होता की तो!" दुसऱ्या बाजूनं, "उभा कुठं बे, हलला की!"

गंमत म्हणजे दोन्ही बाजू चुकीच्या गोष्टीवर भांडत असतात. तो उभा होता का हलला हा प्रश्नच नाही मुळात. आणि पंचाचं चुकतं ते नियम माहीत नसल्यामुळं कमी आणि चुकीच्या वेळी चुकीच्या माणसाकडं बघितल्यामुळं जास्त. निकाल धडकेत नसतो, धडकेच्या आधीच्या एका सेकंदात असतो, आणि तो सेकंद बघितलाच नसेल तर नंतर कितीही डोकं लावलं तरी तो अंदाजच.

नवीन पंच, पीटीचे सर, सिनिअर पोरं जी ज्युनिअरच्या मॅचला शिट्टी मारतात, सगळे हेच विचारत असतात म्हणून क्रमानं लिहितोय. नियम फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे) धरलेत, आपल्याकडं तेच चालतात. टीव्हीवर एनबीए बघून आलेले नियम कृपया बाजूला ठेवा, त्यातले काही वेगळे आहेत.

## १. मॅचच्या आधी: सुतळी, खडू आणि पार्टनर

आपल्याकडच्या बऱ्याच सिमेंट कोर्टवर रिंगखालचा नो-चार्जचा अर्धगोल (ज्यात डिफेन्डर असला तर चार्ज देत नाहीत तो, पायरी ७ बघा) एकतर पुसलेला असतो नाहीतर कधी काढलेलाच नसतो. मग मॅचमधे वाद झाला की पंच म्हणतो "साधारण इथं असतो", आणि त्या साधारणवर मॅच जाते. अर्धा तास आधी पोचा आणि काढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

रिंगच्या बरोबर मध्यावरून सुतळीला दगड बांधून खाली सोडा, जिथं टेकेल तिथं खूण करा. तो बिंदू एंडलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला पाहिजे, टेपनं बघा (नाही आला तर पोल सरकलेला आहे, आपल्याकडं सरकतात). त्या बिंदूपासून १.२५ मीटर सुतळी धरून खडूनं अर्धगोल मारा, रेषेची आतली कड १.२५ वर. दोन्ही टोकांपासून बोर्डाच्या दिशेला ३७.५ सेंटिमीटरच्या सरळ रेषा, त्या बोर्डाच्या बरोबर खाली संपतात. झालं. दोन्ही कोचना बोलवून दाखवा की आज हा अर्धगोल चालणार.

दुसरी गोष्ट धूळ. उन्हाळ्यात तर विचारूच नका, झाडून घेतलं तरी पहिल्या क्वार्टरला परत पावडर पसरल्यासारखं होतं. स्वतः बूट घासून बघा कुठं घसरतंय, कारण त्या जागी पोरगं पडलं की तुम्हाला आधीच माहीत पाहिजे की इथं न ढकलताही पडतात.

तिसरी, पार्टनरशी बोलणं. आपल्याकडं बहुतेक मॅच दोन पंचांच्या असतात, आणि आत घुसणाऱ्या ड्राइव्हवर दोघंही एकाच जागी बघत बसतात. आधी ठरवा. बॉल वरून आत येतोय तर बॉलवाला आणि त्याचा मूळ डिफेन्डर ट्रेल (मागून येणारा पंच) धरेल, मदतीला धावून येणारा दुसरा डिफेन्डर लीड (एंडलाइनजवळचा पंच) धरेल. बहुतेक ब्लॉक-चार्जची भांडणं त्या दुसऱ्या डिफेन्डरवरच होतात, त्यामुळं लीडनं बॉलमागं डोळे पळवायचे नाहीत.

तपासा: अर्धगोल दिसतोय का, पार्टनरशी वाटणी झाली का, आणि दोघांची शिट्टी एकदम वाजली तर फक्त मूठ वर, इशारा लगेच नाही, हे ठरलंय का. शेवटचं विसरू नका. एकानं ब्लॉक आणि दुसऱ्यानं चार्ज दाखवला की त्यातून बाहेर पडायला दोघांनाही चांगला रस्ता उरत नाही.

## २. उभं कुठं राहायचं: फट दिसली पाहिजे

बॉलवाला आणि डिफेन्डर यांच्या मधली हवा तुम्हाला दिसली पाहिजे, बस. ती फट दिसत असेल तर कोण कोणाच्या जागेत घुसला ते आपोआप दिसतं. फट दिसत नसेल तर दोघांपैकी एकाची पाठ तुमच्याकडं आहे, आणि पाठ बघून तुम्ही आवाजावरून शिट्टी मारणार.

ट्रेलची नेहमीची चूक म्हणजे ड्रिबल करणाऱ्याच्या बरोबर मागं उभं राहणं. एक-दोन पावलं बाजूला सरका, बाकी काही नाही. लीडची चूक म्हणजे पोलला चिकटून रिंगखाली उभं राहणं, तिथून सगळे अंगावर आल्यासारखे दिसतात आणि कुणाचेच पाय दिसत नाहीत. एंडलाइनच्या बाहेर जरा मागं राहा आणि ड्राइव्ह सुरू झाली की फटीच्या दिशेनं बाजूला सरका.

अजून एक. धावत धावत निर्णय घेऊ नका. डोकं हलत असलं की समोरचं सगळंच हलताना दिसतं, अगदी स्थिर उभा डिफेन्डरसुद्धा. धडक व्हायच्या वेळी तुम्ही थांबलेले पाहिजेत. चार पावलं लांब राहिलात तरी चालेल पण थांबून बघा.

## ३. डोळे डिफेन्डरवर

हे लिहायला सोपं आणि करायला सगळ्यात अवघड, कारण लहानपणापासून आपण बॉल बघत आलोय. आत घुसणारा काय करणार आहे ते तुम्हाला डोळ्याच्या कडेनं दिसतंच, तो कुठं पळून जात नाही. मुद्दाम बघायचंय ते डिफेन्डरचं: कधी आला, कुठून आला, पाय कसे पडले, छाती कुठं होती.

मी मनात तीन शब्द म्हणतो, सुरुवात, मधलं, शेवट. सुरुवात म्हणजे डिफेन्डर जागेवर आला तो क्षण. मधलं म्हणजे धडकेपर्यंत त्यानं काय केलं. शेवट म्हणजे धडक आणि तिचा परिणाम. तिन्ही बघितलं तर शिट्टी ठाम येते. फक्त शेवट बघितला तर जो पडला त्याच्या बाजूनं मन झुकतं, आणि सातवी-आठवीच्या पोरांना हे बरोबर माहीत असतं बरं का, ते तसे पडतात.

सावध: सुरुवात बघितली नसेल तर ती डोक्यात तयार करू नका. पार्टनरनं बघितली असेल तर त्याची शिट्टी येऊ द्या.

## ४. पहिला प्रश्न: डिफेन्डरनं कायदेशीर जागा घेतली होती का

दोनच अटी. एक, तोंड, म्हणजे छाती, आपल्या माणसाकडं. दोन, दोन्ही पाय जमिनीवर. हे दोन्ही एका क्षणासाठी जरी एकत्र झालं, आणि तिथं पोचताना त्यानं कुणाला धक्का दिला नाही, की जागा त्याची झाली. किती वेळ उभा होता याला काही अर्थ नाही. हात वर पाहिजेत अशी अट नाही. पुतळ्यासारखं उभं पाहिजे अशीही नाही.

आणि इथंच नव्वद टक्के भांडण आहे (नव्वद हा माझा अंदाज हो, मोजले नाहीत). जागा एकदा घेतली की ती टिकवायला डिफेन्डर हलू शकतो. बाजूला सरकू शकतो, मागं जाऊ शकतो, सरकताना क्षणभर एक पाय किंवा दोन्ही पाय उचलले गेले तरी चालतात, जागेवर सरळ वर उडी मारू शकतो, धडक येतेय दिसल्यावर लागू नये म्हणून अंग वळवू शकतो, हात छातीशी घेऊ शकतो. एकच करायचं नाही, समोरच्याच्या अंगावर पुढं जायचं नाही.

म्हणजे डिफेन्डरनं बॉलवाल्याला समोर घेतलं, दोन पावलं बाजूला सरकत राहिला, बॉलवाल्यानं तिरकं कापायचा प्रयत्न केला आणि सरळ त्याच्या छातीत जाऊन आदळला, तर तो चार्ज आहे. पाय हलत होते तरी चार्ज. मी स्वतः सुरुवातीची दोन-तीन वर्षं असल्या प्रत्येक धडकेला ब्लॉक देत होतो. विजापूर रोडकडच्या एका कोर्टवर मुलींची मॅच होती, एका मुलीनं काय सुंदर पाय हलवले होते, प्रत्येक वेळी छाती समोर, आणि मी तिला चार फाउल देऊन बसवलं. नंतर कुणाच्या तरी वडिलांनी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ बघितला तर चारातले तीन उलटे. तिला काही बोलता आलं नाही मला, काय बोलणार.

उलट बाजूही बघा. छाती समोर आहे पण एक पाय अजून हवेत, म्हणजे तो अजून पोचतोय. जागा नाही झाली. पाठमोरा आहे, बॉल बघत मागं मागं येतोय, म्हणजे आपल्या माणसाकडं छाती नाही, तर ही पोझिशन नाही. आणि आधी नीट जागा घेतली होती पण बॉलवाला खांदा काढून बाजूनं पुढं गेला, मग डिफेन्डरनं मागून येऊन कंबर आडवी घातली, तर ती जुनी जागा आता कामाची नाही, परत पुढं जाऊन मिळवायला लागते.

तपासा: पाय दोन्ही खाली? छाती समोर? पुढं गेला का? तीन उत्तरं मिळाली की पुढच्या प्रश्नाला या.

## ५. दुसरा प्रश्न: समोरचा जमिनीवर, हवेत, की बॉलशिवाय

बॉलवाला जमिनीवर असेल तर डिफेन्डरला वेळ आणि अंतर काहीही द्यायला लागत नाही. अगदी ऐनवेळी समोर आला तरी चालतं, जागा धडकेच्या आधी घेतली पाहिजे एवढंच. ज्याच्या हातात बॉल आहे त्यानं धरूनच चालायचं की कुणीतरी आडवं येणार, थांबायची किंवा दिशा बदलायची तयारी त्याची पाहिजे. "सर, एकदम समोर आला की" ही तक्रार बॉलवाल्याकडून आली तर ऐकायची आणि सोडून द्यायची.

हवेत गेला की सगळं बदलतं. उडी मारणाऱ्याला जिथून उडाला तिथंच उतरायचा हक्क आहे, आणि दुसरीकडं उतरायचाही हक्क आहे, जर ती जागा आणि मधला रस्ता त्यानं उडी मारताना मोकळा असेल तर. त्यामुळं इथं धडक कधी झाली ते बघायचंच नाही, पाय जमिनीवरून कधी सुटले ते बघायचं. डिफेन्डर त्याच्या आधी जागेवर होता तर जबाबदारी उडणाऱ्याची. नंतर आला तर ब्लॉक, मग तो धडकेच्या वेळी कितीही सरळ, हात वर करून, देवळातल्या दीपमाळेसारखा उभा असू दे.

लेअपला (पळत येऊन रिंगजवळ उडी मारून बॉल टाकणं) हेच होतं. मदतीला आलेला डिफेन्डर छान दोन पाय रोवून उभा दिसतो, धडक छातीवर होते, पंच खुश होऊन चार्ज देतो. पण दुसरा पाय जमिनीला टेकला तेव्हा लेअपवाला आधीच हवेत होता. म्हणून लीडला परत सांगतो, दुसरा डिफेन्डर आल्याबरोबर त्याचे पाय आणि बॉलवाल्याचा उडीचा पाय हे दोन एका नजरेत धरायची सवय लावा. सुरुवातीला जमत नाही. शंभर लेअप बघितल्यावर जमायला लागतं.

जंप शॉटच्या वेळी उतरायची जागा विसरू नका. थ्री मारणाऱ्याच्या पायाखाली डिफेन्डर जाऊन उभा राहिला, बॉल सुटून गेलाय, सगळे रिंगकडं बघतायत आणि इकडं घोटा मुरगळला. शॉट मारणाऱ्याचे दोन्ही पाय परत जमिनीला लागेपर्यंत तो शॉटमधेच आहे. बॉलमागं डोळे पाठवू नका, बॉल आत गेला का ते पार्टनर सांगेल, नाहीतर पब्लिक सांगेलच.

उलटंही होतं. उडी मारली, मोकळ्या जागेत नीट उतरला, आणि वेग न आवरल्यामुळं पुढं उभ्या डिफेन्डरवर जाऊन आदळला. उतरून झालंय, आता हवेतला हक्क संपला. डिफेन्डरनं तिथं कायदेशीर जागा घेतली असेल तर फाउल आदळणाऱ्याचा.

बॉलशिवाय पळणाऱ्याला मात्र वेळ आणि अंतर दोन्ही द्यायला लागतं. त्याच्या वेगाप्रमाणं अंतर, कमीत कमी एक नेहमीचं पाऊल. नवी पेठेत गर्दीत भराभर चालताना कुणी एकदम अगदी पायापाशी आडवा आला तर धडक होणारच, थांबायला जागाच मिळाली नाही. इथं चूक आडवा येणाऱ्याची.

## ६. तिसरा प्रश्न: धडक कुठं झाली आणि काय बिघडलं

छातीवर, पोटावर, म्हणजे धडावर समोरून धडक झाली तर डिफेन्डर तिथं आधी पोचला होता असं धरायला जागा आहे. धडक डिफेन्डरच्या बाजूला काढलेल्या गुडघ्यावर, फाकवलेल्या पायावर, बाहेर काढलेल्या कोपरावर झाली तर तो पूर्ण पोचलाच नव्हता, अंगाचा एक तुकडा पुढं पाठवला होता.

याच्यासाठी सिलिंडर डोक्यात पाहिजे. प्रत्येक खेळाडूभोवती एक उभा डबा आहे असं समजा: पुढं हाताच्या तळव्यांपर्यंत, मागं बुडापर्यंत, बाजूला हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. पुढचे हात कोपरात वाकलेले, पाय आणि गुडघ्यांच्या पुढं जात नाहीत. पायांमधलं अंतर उंचीच्या मानानं. आपल्या डब्यात सरळ वर उडी मारली, हात सरळ वर, आणि समोरचा येऊन आपटला, तर डिफेन्डरचा फाउल नाही. उंच पोरांना आपल्याकडं फार अन्याय होतो यात, तो नुसता उभा असतो आणि लहान पोरगं त्याच्या अंगावर उडी मारून पडतं की लगेच शिट्टी. पण हात वर आहेत म्हणून सगळं माफ असंही नाही, हात वर करून छाती पुढं घातली किंवा उडी तिरकी पुढं मारली तर डब्याबाहेर आला.

डबा अटॅकवाल्यालाही आहे. बॉल धरून उभा आहे, पिव्होट करायचाय (एक पाय रोवून वळायचंय), आणि डिफेन्डर इतका अंगाला चिकटलाय की नेहमीची हालचाल करताच येत नाही, तर घुसलेला डिफेन्डर आहे. तसंच बॉलवाला मोकळ्या हातानं डिफेन्डरला ढकलून जागा करत असेल तर तो त्याचा फाउल, आणि हा आपल्याकडं जवळजवळ कुणी देतच नाही.

आता नुसता स्पर्श म्हणजे फाउल नाही. दहा जण एवढ्या जागेत पळतायत, अंगाला अंग लागणारच. चार गोष्टी बघा: लय तुटली का, वेग कमी झाला का, तोल गेला का, पुढची हालचाल अडली का. यातलं काहीच झालं नाही आणि तो निघून गेला तर खेळू द्या. त्यासाठी शिट्टी तोंडात धरून अर्धा श्वास थांबायला लागतं.

सावध: ते थांबणं धडकेचा परिणाम बघायला असतं. बॉल रिंगमधे जातो का ते बघायला नाही. शॉट चुकला म्हणून उशिरा शिट्टी मारली की अख्ख्या मैदानाला कळतं तुम्ही काय केलंत.

हँडचेकला मात्र थांबायचं नाही. डिफेन्डर हात लांब करून बॉलवाल्याच्या कमरेवर ठेवतो, जरा ढकलतो, काढतो, परत ठेवतो. पहिल्या दोन मिनिटांत एक द्या, पूर्ण मॅच सुधारते. तिसऱ्या क्वार्टरला द्यायला गेलात तर "आत्तापर्यंत काय झोपला होता का सर" हे ऐकायची तयारी ठेवा, आणि त्याचं बरोबर असेल.

## ७. नो-चार्जचा अर्धगोल

एवढं कष्टानं खडूनं काढलाय तर नीट वापरा. बॉल ताब्यात असलेला खेळाडू हवेत आहे, शॉट मारतोय किंवा पास देतोय, आणि डिफेन्डरचा एक किंवा दोन्ही पाय अर्धगोलाला लागलेत, तर चार्ज द्यायचा नाही. रेषा अर्धगोलात धरायची, म्हणजे टाच रेषेवर असली तरी आत.

यातून लोक दोन चुकीचे अर्थ काढतात. पहिला, आत उभा आहे म्हणजे ब्लॉकच. नाही. चार्ज द्यायचा नाही एवढंच म्हटलंय. डिफेन्डर आधीपासून आपल्या डब्यात सरळ असेल तर त्याचाही फाउल नाही, खेळ चालू. शिट्टी न मारणं हाही निर्णय आहे आणि तो घ्यायला हिंमत लागते, कारण दोघं पडलेले असतात आणि दोन्ही बेंच उभे. दुसरा, अर्धगोलात अटॅकवाल्याला काहीही माफ. तेही नाही, त्यानं हात, कोपर, गुडघा बेकायदा वापरला तर त्याचा फाउल द्यायचा.

आणि एंडलाइनच्या कडेनं येऊन, बोर्डाच्या मागच्या भागातून उडी मारून अर्धगोलात घुसला तर ही सवलत त्याला मिळत नाही. असं वर्षातून दोनदा होतं, पण झालं की मोठं भांडण होतं.

## ८. बॉलपासून लांब: स्क्रीन आणि पोस्ट

थोडक्यात सांगतो. स्क्रीन म्हणजे आपल्या माणसाला मोकळं करायला समोरच्याच्या वाटेत आडवं उभं राहणं. स्क्रीन लावणारा धडकेच्या वेळी थांबलेला, दोन्ही पाय खाली, डब्यात पाहिजे. समोरचा उभा असेल आणि स्क्रीन त्याला दिसतोय तर अगदी जवळ लावला तरी चालतो, फक्त धक्का नको. मागून लावला तर एक पाऊल जागा द्यायची. समोरचा पळत असेल तर एक ते दोन पावलं. शेवटच्या क्षणी कंबर किंवा गुडघा बाहेर काढणं ही आपल्याकडची लाडकी युक्ती आहे, ती फाउल आहे. स्क्रीन कायदेशीर असेल आणि डिफेन्डर त्याला ढकलून आरपार गेला तर फाउल डिफेन्डरचा.

पोस्टमधे (रिंगजवळच्या जागेत) दोघंही एकमेकाला रेटतात तेव्हा आधी तोंडानं सांगा, "हात काढा, जागेवरून ढकलू नका". ऐकलं तर ठीक, नाही तर पुढच्या वेळी द्या.

## ९. शिट्टी, इशारा आणि टेबल

एकच कडक शिट्टी, मूठ वर. घाई नको. पार्टनरकडं एक नजर. मग इशारा: ब्लॉक असेल तर दोन्ही हात कमरेवर, चार्ज असेल तर मूठ तळव्यावर. बॉल ज्यांच्या ताब्यात त्यांचाच फाउल असेल तर मूठ फाउल करणाऱ्या टीमच्या बास्केटकडं. मग स्कोअरच्या टेबलकडं जाऊन थांबून नंबर, फाउलचा प्रकार, आणि पुढं काय, याच क्रमानं. टेबलवर बऱ्याचदा दहावीचं पोरगं बसवलेलं असतं, त्याला लिहून होईपर्यंत हलू नका.

शिक्षेत होणारे घोळ:

शॉटमधे नसताना डिफेन्सचा फाउल झाला तर बाजूनं बॉल. टीमचे त्या क्वार्टरमधे चार फाउल झालेले असतील तर पाचव्यापासून दोन फ्री थ्रो.

शॉटमधे ब्लॉक झाला आणि बास्केट झालं तर पॉइंट धरून एक फ्री थ्रो, नाही झालं तर दोन किंवा तीन.

बॉल हातात असताना चार्ज झाला तर बास्केट धरत नाही, फ्री थ्रोही नाही, टीम फाउल कितीही असू देत, नुसता बॉल समोरच्या टीमला.

आता ही एक नीट वाचा, इथं जाणते पंचही घसरतात. शॉटचा बॉल हातातून सुटला, आणि नंतर उडणारा डिफेन्डरवर आदळला. चार्ज आहेच, पण बॉल सुटला त्या क्षणी टीमचा ताबा संपला. म्हणजे बास्केट झालं तर धरायचं, आणि आदळणाऱ्याच्या टीमचे चार फाउल आधीच झाले असतील तर डिफेन्डरला दोन फ्री थ्रो. म्हणून धडकेच्या वेळी बॉल हातात होता का सुटला होता, हे शिट्टीबरोबरच डोक्यात पक्कं करायचं.

## १०. पडणाऱ्यांचं काय

डिफेन्डर धडकेच्या आधीच मागं कोसळायला लागतो, तोंडातून मोठा आवाज, हात हवेत. सुरुवात आणि मधलं तुम्ही बघितलं असेल तर हा लगेच ओळखू येतो, कारण फट अजून शिल्लक असताना तो पडलेला असतो. शिट्टी नाही, खेळ चालू. पहिल्यांदा खेळ थांबल्यावर ताकीद, परत केलं तर टेक्निकल.

पण खरा चार्ज घेणारा पडणारच नाही असंही नाही. आणि पडलाच पाहिजे असंही नाही. एखादं दणकट पोरगं छातीवर धडक घेऊन जागचं हलत नाही, म्हणून त्याला चार्ज मिळत नाही, मग पुढच्या मॅचला ते पडायला शिकतं. ते त्याला आपणच शिकवलेलं असतं.

## ११. घरी आणि कट्ट्यावर सराव

मॅचचा व्हिडिओ मिळाला तर मोबाइलवर आवाज बंद करून बघा. पब्लिकच्या ओरडण्यानं आपला निर्णय किती हलतो ते तेव्हा कळतं. धडकेच्या बरोबर आधी थांबवा आणि तिथंच उत्तर ठरवा: पाय, छाती, उडी. मग पुढं चालवा. पुढचं बघून मत बदलावंसं वाटलं तर समजायचं की तुम्ही अजून पडणं बघताय.

संध्याकाळी पोरं प्रॅक्टिस करत असतात तिथं एंडलाइनमागं उभं राहा, शिट्टी न मारता फक्त एका डिफेन्डरला दहा मिनिटं धरून ठेवा. बॉल कुठंही जाऊ दे. पहिल्या दिवशी तीन मिनिटांत डोळे बॉलमागं पळतील.

मी एक छोटी वही ठेवतो, मॅच संपल्यावर चहा पिताना पार्टनरबरोबर त्यात लिहायचं: कोणत्या क्वार्टरची धडक, मी कुठं उभा होतो, डिफेन्डर पोचताना दिसला का, आणि काय दिलं. तिसऱ्या रकान्यात "नाही" जास्त यायला लागले की पुढच्या मॅचला दुसरी पायरी परत वाचतो, कारण बहुतेक वेळा मी पोलला चिकटलेला असतो.